बाळाला कावीळ, निळा लाइट चालू: छातीशी घेता येतं का?

आंबेहळद | गुरुवार, रात्री ११:४०

आयडीवर हसू नका, तो दहा वर्षांपूर्वीचा आहे.

रविवारी पहाटे सीझर झालं. मुलगी. ३६ आठवडे ५ दिवस, वजन २ किलो ६५० ग्रॅम. पहिले दोन दिवस सगळं छान होतं. बुधवारी संध्याकाळी सिस्टर अंग पुसताना म्हणाल्या, "डोळे पिवळे दिसतायत." टाचेतून रक्त घेतलं. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ करणारं रक्तातलं पिवळं द्रव्य, १८.४. वजन २ किलो ४१०. तेव्हापासून ती तिसऱ्या मजल्यावर निळ्या लाइटखाली आणि मी दुसऱ्या मजल्यावर. आज सकाळचा आकडा १६.१.

दर तीन तासांनी वर बोलावतात आणि दहा मिनिटं देतात. ती गाढ झोपलेली असते, ओढतच नाही. घड्याळाकडे बघत बघत माझंही दूध आटतं की काय कोण जाणे. मग खाली येऊन पंपाने काढते. दहा मिली निघालं तर डोंगर उचलल्यासारखं वाटतं. ते वर वाटी-चमच्याने पाजतात.

आज विचारलं, थोडा वेळ छातीशी घेऊन बसू का, कांगारू केअर करतात तसं? उत्तर मिळालं, "कावीळ आहे मॅडम, लाइट बंद करता येत नाही. आणि तुमचं बाळ कांगारूएवढं लहान नाही."

इकडे आईने माझ्या वरणातली हळद बंद केलीये. सासूबाई म्हणतात, लाइट कशाला, सकाळचं ऊन द्या. मला एकच सांगा, लाइट चालू असताना बाळाला अंगाला लावून घेतलेलं चालतं की नाही? कुणी केलंय का?

दुपटं | गुरुवार, रात्री ११:५२

मी केलंय. मुलगा आता चौथीत आहे. सविस्तर उद्या लिहिते, तोवर झोप काढ. वरणात हळद घाल. आईने हळद खाल्ली म्हणून बाळ पिवळं होत नाही.

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ३:१५

नावाप्रमाणे ड्यूटीवरच आहे. सरकारी रुग्णालयातल्या नवजात कक्षात नऊ वर्षं झाली, त्यामुळे माझं ऐक.

पहिली गोष्ट, लाइट चुकीचा नाही. ३७ आठवड्यांच्या आतलं बाळ, चौथा दिवस, आकडा १८.४. आम्हीही लावलाच असता. तेव्हा कुणी कितीही म्हटलं तरी बाळ उचलून घरी आणू नकोस.

दुसरी गोष्ट, तुझ्या पोस्टमध्ये बिलिरुबिनपेक्षा मला वजन टोचलं. २६५० वरून २४१०, म्हणजे नऊ टक्के उतरलंय. दूध कमी पोचतंय. दूध कमी म्हणून शी कमी, आणि बिलिरुबिन बाहेर पडायचा मोठा रस्ता शीच आहे. पहिली काळी चिकट शी असते ना, ती बिलिरुबिनने भरलेली असते. ती आतड्यात रेंगाळली की त्यातलं बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं. त्यात पिवळं बाळ सुस्त असतं, सुस्त म्हणून पीत नाही, पीत नाही म्हणून आणखी पिवळं. हा फेरा तोडायचा आहे.

इथे अंगाला अंग लावण्याचा उपयोग होतो. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ हातात दिलं की ते ऊब लागून झोपतं. तेच उघडं करून, नुसता लंगोट आणि टोपडं ठेवून, आईच्या उघड्या छातीवर उभं लावलं तर पाच-दहा मिनिटांत डोकं हलवायला लागतं, तोंड उघडतं, जीभ बाहेर काढतं. तेव्हा पाजायचं. रडायची वाट बघायची नाही, रडणं ही भुकेची शेवटची पायरी असते.

दहा मिनिटं फारच कमी आहेत. आमच्याकडे साधा लाइट असेल तर पाजायला अर्धा तास बाळ देतो, डोळ्यांवरची पट्टी काढून देतो. आई बाळाचे डोळे बघते, बाळ आईचा चेहरा बघतं. त्याने काय होतं ते मला आकड्यात सांगता येणार नाही. दूध उतरतं एवढं नक्की.

राउंडला आलेल्या डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचार: आकडा धोक्याच्या रेषेपासून किती लांब आहे? पाजण्याच्या वेळेत अर्धा तास कांगारू चालेल का? मी वरच खुर्चीवर बसून राहू का? भांडू नकोस, पण विचारल्याशिवाय राहूही नकोस.

सोलापुरी_चटणी | शुक्रवार, सकाळी ७:०५

आम्ही पाच भावंडं, सगळी पिवळी झाली होती म्हणे. आईनं अंगणात बाजेवर उन्हात टाकलं आणि उतरली. हे लाइटबिट आता बिलं वाढवायला निघालंय. निसर्ग फुकट देतोय ते घ्या की!

भूर्जपत्र | शुक्रवार, सकाळी ८:२०

@सोलापुरी_चटणी, तुमच्या आईंचं ऊन आणि तो निळा लाइट एकाच घरातले आहेत, म्हणून ही गोष्ट सांगतो.

इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्डचं रुग्णालय. १९५६ चा सुमार. नवजात कक्षाच्या प्रमुख सिस्टर होत्या जीन वॉर्ड. त्यांचा मोकळ्या हवेवर फार विश्वास, त्यामुळे चांगलं ऊन पडलं की त्या बाळांना बाहेर चौकात न्यायच्या. एकदा त्यांनी भीतभीतच डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकट, पण एक त्रिकोणी तुकडा गडद पिवळा. डॉक्टरांना आधी वाटलं, काहीतरी रंग फासलाय. सिस्टर म्हणाल्या, नाही, बाकीचं अंग उन्हाने उतरलंय, या जागेवर चादरीचं टोक होतं.

पुढे त्याच रुग्णालयात कावीळ झालेल्या बाळाच्या रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहून गेली, तर तिच्यातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी निघालं. मग तिथले डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्यांची पहिली चौकट बनवली आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापलं.

म्हणजे उन्हात गुण आहे. पण उन्हात निळ्या किरणांबरोबर अतिनील येतात, उष्णता येते. बाळ भाजतं किंवा कोरडं पडतं, सावलीत न्यावं तर गारठतं. आणि किती डोस मिळाला ते मोजायला काही नाही. दिव्यात फक्त ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश वेगळा काढलाय. नायजेरियात वीज बेभरवशाची आहे तिथे अतिनील आणि उष्णता गाळणाऱ्या फिल्मचे मांडव घालून उन्हातच उपचार केले. २०१५ मध्ये त्याचा अभ्यास आला आणि तो यशस्वी ठरला. पण त्यातही बाळाचं तापमान सतत मोजत होते. कुंची-टोपडं-दुपट्यात बांधलेलं बाळ खिडकीशी दहा मिनिटं धरल्याने १८ चा आकडा उतरत नसतो.

तुम्ही पाचही जण वाचलात कारण बहुतेक बाळांची कावीळ आपोआपच उतरते. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साठेक बाळांना ती पहिल्या आठवड्यात दिसतेच. प्रश्न उरलेल्या थोड्यांचा असतो.

सोलापुरी_चटणी | शुक्रवार, सकाळी ८:४४

चादरीच्या टोकाची गोष्ट आवडली. माघार नाही, पण आवडली.

लीड्सचा_लिंबू | शुक्रवार, दुपारी १:३०

इंग्लंडातून. आमच्या लेकाला दोन वर्षांपूर्वी झाली होती. इथल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनेत साध्या लाइटसाठी स्पष्ट लिहिलंय: पाजायला, लंगोट बदलायला आणि कुशीत घ्यायला अर्ध्या तासापर्यंतची सुट्टी द्यायला प्रोत्साहन द्या. 'कुशीत घेणे' हे सरकारी कागदात वाचून मला भरूनच आलं होतं. अर्थात एकाच वेळी जास्त दिवे लावून जोरदार उपचार चालू असतील तर सुट्टी नाही. तेव्हा दूध नळीने किंवा सलाइन, पण बाळ लाइटखालीच.

दुसरं म्हणजे ब्लँकेट. कापडी पिशवीत सरकवलेली चपटी निळी गादी असते, तिच्यात तंतूंमधून प्रकाश येतो. ती बाळाच्या पाठीला लावायची, वरून दुपटं, आणि बाळ खुशाल मांडीवर. बायकोचं टाक्याचं पोट दुखत होतं म्हणून तासन् तास मीच घेऊन बसलो. आमची आई व्हिडिओ कॉलवर: "अरे, त्याच्या अंगातून उजेड का येतोय?"

तुमच्याकडे ब्लँकेट आहे का ते विचारा.

तर्कट | शुक्रवार, दुपारी २:१०

भावना बाजूला ठेवून विचारतो. कांगारूने कावीळ बरी होते का? हो की नाही? कारण उद्या कुणीतरी हा धागा वाचून "लाइट नको, छातीशी धरते" म्हणेल.

टाचेचा_डॉक्टर | शुक्रवार, दुपारी ३:४८

बालरोगतज्ज्ञ आहे. इथे मात्र फक्त आयडी, त्यामुळे निर्णय बाळ समोर असलेल्या डॉक्टरांचा.

@तर्कट, तुमची शंका रास्त आहे. उत्तर: लाइटऐवजी, नाही. लाइटबरोबर, हो.

लाइट काय करतो? कातडीतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो, मग ते यकृताच्या प्रक्रियेची वाट न बघता पित्तातून आणि लघवीतून बाहेर जाऊ शकतं. छातीचा स्पर्श हे करू शकत नाही. उलट बाळ छातीशी चिकटलं की त्याचं पोट-छाती झाकली जाते, तेवढ्या कातडीवर प्रकाश पडत नाही. म्हणून 'लाइट बंद करता येत नाही' म्हणणाऱ्या सिस्टरांचं अगदीच चुकलेलं नाही. उघडी कातडी जितकी जास्त, तितका गुण जास्त.

पण काही छोट्या अभ्यासांत, इजिप्तमधला एक मला आठवतो, लाइटबरोबर कांगारू केलेल्या बाळांना लाइट कमी तास लागला. अभ्यास लहान आहेत, मी त्यावर पैज लावणार नाही. कारण मात्र रात्रपाळी यांनी सांगितलं तेच: बाळ जागं राहतं, जास्त वेळा पितं, जास्त वेळा शी करतं. दिवसाला आठ ते बारा वेळा पाजणं झालं पाहिजे. दहा मिनिटांच्या भेटीत ते होणार कसं?

'कांगारूएवढं लहान नाही' याबद्दल. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाला डॉ. एद्गार रे यांनी सुरू केली. काचेच्या पेट्या कमी, एका पेटीत दोन-तीन बाळं, जंतुसंसर्ग प्रचंड, मग आईलाच पेटी केलं. म्हणून सगळ्यांच्या डोक्यात कांगारू म्हणजे दीड किलोचं बाळ. त्या बाळांसाठी ते औषधच आहे, दिवसाला ८ ते २४ तास. पण अडीच किलोच्या बाळाला छातीशी घ्यायला कुठल्याही शास्त्राची मनाई नाही.

आई खाली आणि बाळ वर, याबद्दलही बोलतो. २०२१ मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. १ ते १.८ किलोची तीन हजारांवर बाळं. एका गटात जन्मल्याबरोबर कांगारू, दुसऱ्यात बाळ स्थिर झाल्यावर. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी काय केलं? आईची खाटच नवजात कक्षात आणली. कावीळवाल्या मोठ्या बाळांना हे आकडे लागू नाहीत, तेवढं जपून वाचा. पण आई कक्षात बसली की जंतू येतात, ही सबब मला आता पटत नाही.

मालू_मावशी | शुक्रवार, संध्याकाळी ५:३०

मला टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. १९७९ साली माझा थोरला पिवळा झाला तेव्हा शेजारच्या काकांनी कावीळ उतरवून दिली होती. चुन्याच्या पाण्यात त्याचे हात धुतले, पाणी पिवळंजर्द. सगळे म्हणाले, निघाली बघ. माझ्या सासऱ्यांनी, ते शाळामास्तर, दुसऱ्या दिवशी गुपचूप स्वतःचे हात तसेच धुतले. पाणी तितकंच पिवळं! हसून हसून पुरेवाट. मग टांग्यातून दवाखान्यात नेलं.

आंबेहळद, बाळ घरी येईल म्हणून तुझ्या आईला सांग, ट्रंकेतले जुने लंगोट-झबली काढून ठेव. जुनं सुती फार मऊ असतं.

टाचेचा_डॉक्टर | शुक्रवार, संध्याकाळी ५:४१

मावशी, सासऱ्यांना साष्टांग नमस्कार. पण ट्रंकेत डांबरगोळ्या आहेत का? असतील तर ते कपडे बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं वितंचक (एन्झाइम) कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या नुसत्या वासाने फुटतात आणि कावीळ एकदम चढते. नवीन सुती कापड, दोनदा धुतलेलं, उत्तम.

दुपटं | शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

उद्या म्हटलं होतं ते आज. आमच्याकडे कारण वेगळं होतं, माझा रक्तगट ओ, बाळाचा बी. पहिल्या चोवीस तासांतच पिवळा झाला. इतक्या लवकर आलेली कावीळ साधी समजायची नाही, हे तेव्हा कळलं. पहिले दोन दिवस दुहेरी लाइट, बाहेर काढायची सोयच नव्हती. मी काचेच्या भोकातून हात घालून त्याच्या तळपायाला बोट लावून बसायचे. तिसऱ्या दिवशी आकडा खाली आला आणि सिस्टर म्हणाल्या, "ब्लाउजची बटणं सोडा." तेव्हा कळलं की आपण दोन दिवस श्वास कुठे ठेवला होता.

आंबेहळद | शनिवार, रात्री १०:०५

सगळ्यांना एकदम उत्तर देते.

काल संध्याकाळी राउंडला प्रश्न विचारले. कागदावर लिहून नेले होते, रडू आलं तर वाचून दाखवता येतील म्हणून. डॉक्टरांनी आलेख उघडून दाखवला, आकडा १४.३ झालाय, रेषेच्या खाली आलोय. म्हणाले, पाजण्याच्या वेळेला अर्धा तास कांगारू करा, बाकी वेळ लाइट. ब्लँकेट नाही त्यांच्याकडे. खुर्ची मात्र मिळाली, प्लास्टिकची. नवऱ्याने पाठीला दोन उशा आणल्या.

पहिला अर्धा तास सांगते. सिस्टरांनी तिची पट्टी काढली. डोळ्यांभोवतीची कातडी, जिथे पट्टी होती तिथेच, पिवळी राहिलेली, अगदी चष्मा लावल्यासारखी. भूर्जपत्र, मला तुमचा तो त्रिकोण आठवला. मी गाउनची बटणं सोडली, त्यांनी तिला बेडकासारखे पाय दुमडून माझ्या छातीवर उभी लावली, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून माझीच ओढणी. टाके ओढत होते. ती आधी ढिम्म. मग सात-आठ मिनिटांनी तिने डोकं उचलून धाडकन माझ्या हाडावर आपटलं. पुन्हा एकदा. कोंबडीच्या पिल्लासारखी टोचत टोचत खाली सरकली आणि स्वतःहून धरलं. सतरा मिनिटं ओढत होती. मी मोजली.

पहाटे चारच्या पाळीला नवऱ्याने घेतलं. शर्ट काढून बसला तेव्हा सिस्टर तोंड फिरवून हसल्या. म्हणाल्या, "केस टोचतील तिला." टोचले नाहीत. झोपली.

आज सकाळी ११.६. लाइट बंद केलाय. आणि शी पिवळी झालीये, मोहरी कुटून कालवल्यासारखी. त्या शीचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला, त्याने चुकून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

रात्रपाळी | शनिवार, रात्री १०:४०

सतरा मिनिटं! शाब्बास पोरी.

आता मुद्द्याचं. लाइट बंद केला की आकडा थोडा परत वर येऊ शकतो, म्हणून सांगतील त्या दिवशी तपासणीला जायचंच. घरी गेल्यावर बाळ खिडकीच्या उजेडात धर आणि नाकावर, छातीवर बोटाने दाबून बघ, बोट उचलल्यावर पिवळं दिसतं का. तळहात-तळपाय पिवळे, पाजायला उठतच नाही, चिरक्या आवाजात रडतंय किंवा अंग धनुष्यासारखं मागे ताणतंय, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. जास्त चढलेलं बिलिरुबिन मेंदूत उतरतं, कान जातात. आणि शी कधी पांढुरकी, खडूसारखी झाली, किंवा दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा गेला नाही तर वेगळी रक्ततपासणी लागते. पित्तनलिकेचा दोष असेल तर दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं. घाबरवत नाही, पण ही पांढरी शी लोक महिनाभर बघत बसतात.

वरचं पाणी, ग्लुकोज, गुटी काही नको. पाण्याने कावीळ धुतली जात नाही, फक्त पोट भरतं आणि दूध कमी जातं.

घरी कांगारू चालू ठेव. फक्त सोफ्यावर तशीच झोपी जाऊ नकोस, डोळा लागतोय वाटलं की बाळ खाली ठेव.

वैनगंगा | रविवार, सकाळी ९:१५

माझी वहिनी गावात आशा कार्यकर्ती आहे, तिला धागा वाचून दाखवला. म्हणाली, दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाकडे आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातो. घरी येऊन बाळ बघायची ही पद्धत आमच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून पुढे आली, मग देशभर गेली. थंडीत तर वहिनी बाळंतिणीच्या लुगड्याच्या पदरानेच बाळ छातीशी बांधून दाखवते. आणि सरकारी दवाखान्यात नवजात बाळाचा इलाज, लाइटसकट, फुकट आहे. @सोलापुरी_चटणी, बिलाचं म्हणत होतात म्हणून.

सोलापुरी_चटणी | रविवार, सकाळी ९:३०

बरं बरं. घेतली माघार.

मालू_मावशी | रविवार, सकाळी ११:००

लेक घरी येतेय ना? माझ्याकडे पिवळं रेशमी टोपडं आहे, पाठवू का? की तेही चालत नाही?

आंबेहळद | रविवार, दुपारी १२:२०

बारशाला नक्की घालू मावशी. तोवर पांढरंच, नाहीतर ती पिवळी की टोपडं पिवळं ते मला रात्री तीन वाजता कळायचं नाही. आणि ट्रंकेतलं असेल तर आधी वास घेऊन बघा.